उसनं पाप

संत्र्याचा वास मला सोसवत नाही. पांढुर्ण्यात जन्मलेल्या बाईनं असं बोलणं म्हणजे कोळ्यानं मासळीला नाक मुरडणं, हे मला कळतं. नागपूरला माझ्या घरी हिवाळ्यात पाहुणे पिशवी भरून संत्री आणतात, मी हसून ठेवून घेते आणि ते गेले की कामवालीला देऊन टाकते. नवऱ्यानं कारण विचारणं सोडून दिलंय. साल नखानं उचकटली की तो जो तिखट फवारा उडतो, तो डोळ्यांत गेला की डोळे चुरचुरतात, एवढंच कारण मी सांगते. ते खोटं नाही.

गेल्या डिसेंबरात पांढुर्ण्याच्या गिरजाघराच्या वर्धापनदिनाला गेले, तेव्हा स्टेशनावरून बाहेर पडताच तो वास आला. रस्त्याच्या कडेला ढीग लागले होते. गाव वाढलंय, जिल्हा झालाय, दुकानांच्या पाट्या मोठ्या झाल्यात, पण गिरजाकडे वळणारा तो बोळ तसाच आहे आणि कडुनिंबाच्या फांदीला रुळाचा तो तुकडाही तसाच लटकलेला आहे. आमच्या गिरजाला घंटा नव्हती. रेल्वेतल्या कुणीतरी रुळाचा तुकडा आणून बांधला होता. रविवारी सकाळी त्याच्यावर लोखंडी खिळा आपटला की त्याचा आवाज नदीपलीकडे सावरगावापर्यंत जाई. थंडीत तो आवाज जास्त खणखणीत वाटायचा. मी तिथं उभी राहून आत जावं की परत जावं याचा विचार केला आणि आत गेले, कारण जुन्या कुटुंबांचा सत्कार होता आणि आमच्या कुटुंबातली आता मीच उरले आहे.

आम्ही पिढीजात ख्रिस्ती. पणजोबांच्या काळात कुठल्यातरी दुष्काळात हे झालं, एवढंच घरात बोललं जाई, आणि तेही कुणी फारसं बोलत नसे. आमचा येशू पुरणपोळी खाणारा होता. नाताळात आई करंज्या आणि शेवया करायची, पोळ्याला शेजारच्यांचे बैल आमच्या दारात आले की त्यांच्या पायांवर पाणी घालायची. ती संत्र्याच्या वखारीत कामाला जायची. बाबा रेल्वेत गँगमन होते. रविवारी ड्यूटी लागली तर बाबांचा चेहरा उजळायचा, हे आईला दिसायचं.

वखार म्हणजे पत्र्याचं उंच छप्पर आणि खाली संत्र्यांचे डोंगर. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येत, मृगाची होळीच्या सुमाराला. बायका भाताच्या तणसावर ओळीनं बसून फळं निवडत. लहान इकडे, मोठं तिकडे, डागी मागे. आईचा हात डोळ्यांनी न पाहता चाले. फळ तळहातात फिरवलं की तिला कळे. मग लाकडी पेटीत तणस, त्यावर फळं, पुन्हा तणस. पुष्कळ ठिकाणी पेटीत वरची रांग देखणी आणि खालची रामभरोसे लावायची रीत होती. दिल्लीला पेटी उघडणारा वरची रांग पाहून भाव करतो, हे सगळ्यांना ठाऊक. आई खाली तेच लावायची जे वर. मालक आधी कुरकुरले, मग त्यांच्या पेटीला मागणी वाढली तेव्हा गप्प झाले. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक बाईला टोपलीत थोडी डागी फळं मिळत. दारावरचा माणूस सगळ्यांच्या टोपल्या पाही, आईची पाहत नसे. मी शाळा सुटली की त्या दारापाशी दगडावर बसून वाट बघायची. तणसाचा उबट वास, खिळे ठोकणाऱ्यांची ठकठक, मालगाडीचं लांबलचक निघून जाणं. आई बाहेर आली की तिच्या हातांची बोटं पिवळी असत आणि ती त्याच बोटांनी माझी वेणी सारखी करायची.

वखारीत दोनच ख्रिस्ती बायका होत्या. एक माझी आई, शेवंताबाई, आणि दुसरी आमच्याच गल्लीतली सगुणामावशी. दोघी बरोबर जात, बरोबर येत, आणि गिरजात एकाच सतरंजीवर शेजारी बसत.

जुने पाळक होते तोवर आमच्याकडे पापाबद्दल कुणी खोलात गेलं नव्हतं. म्हातारे होते, उपदेश करता करता स्वतःच डुलकी घ्यायचे. महिन्यातून एकदा प्रभुभोजन. पावाचे बारीक तुकडे आणि काचेच्या चिमुकल्या पेल्यांत काळ्या मनुकांचा रस. तो रस करायचं काम आमच्या घरी होतं, आधी आजीकडे, मग आईकडे. शनिवारी संध्याकाळी आई मनुका धुऊन, भिजवून, मंद आचेवर उकळायची, मग पांढऱ्या फडक्यातून गाळायची. घरभर गोड, जडसर, किंचित जळका वास भरून राही. त्या दिवशी चुलीवर दुसरं काही चढत नसे. मला चोथा मिळायचा. आई मात्र बोटही चाटत नसे. म्हणायची, "उद्या सगळ्याइच्यासंगं."

मग नवे पाळकसाहेब आले. तरुण, उंच, गोऱ्या रंगाचे, लांबून कुठून तरी आलेले, पुस्तकातल्यासारखी मराठी बोलणारे. स्कूटरवरून यायचे. हार्मोनियम छान वाजवायचे. मला आजही त्यांचा राग येतो तो ते वाईट होते म्हणून नाही. ते वाईट असते तर सोपं होतं. कुणी आजारी असलं की रात्र रात्र उशाशी बसायचे, स्वतःचं स्वेटर काढून द्यायचे. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी ठोकलेली होती. जो माणूस आपलं पाप ओळखून सगळ्यांसमोर सांगत नाही, त्याचा नवा जन्म झालेला नाही, आणि ज्याचा नवा जन्म नाही त्याला प्रभुभोजनाचा अधिकार नाही. साक्ष नाही तर प्याला नाही.

मंडळीत एकच धांदल उडाली. लोक आपापली पापं शोधायला लागले. पुरुषांचं बरं होतं. बाबा पहिल्याच रविवारी उभे राहिले आणि मोहाची दारू, पोळ्यानंतरच्या गोटमारीत सावरगाववाल्यांवर फेकलेले दगड, रेल्वेतल्या साहेबाला दिलेल्या शिव्या असं सगळं एका दमात सांगून बसले. पाळकसाहेबांनी त्यांना मिठी मारली. बायकांत तंबाखू आणि सासूशी भांडण ही दोन पापं आठवडाभरात संपली. सगुणामावशीनं तंबाखू घेतली. रडून रडून सांगितली, मागून "आमेन" आलं, आणि ती प्याला पिऊन मोकळी झाली.

आईजवळ काही नव्हतं.

हे मी लेक म्हणून म्हणत नाही. मी पुष्कळ माणसं पाहिली, चांगलीही पाहिली, आणि चांगल्या माणसांच्या चांगुलपणात कुठेतरी एक खिडकी असते जिच्यातून ती स्वतःकडे पाहून खूश होतात. आईला ती खिडकी नव्हती. ती चांगली होती हे तिला माहीतच नव्हतं. म्हणून तिची पंचाईत झाली. आपल्यात पाप नाही असं तिला मुळीच वाटत नव्हतं. साहेब म्हणतात म्हणजे असणारच, आपल्यालाच सापडत नाही, असं तिला वाटे. ती भाकरी थापताना थांबायची आणि आठवायची.

"अवं, नसन पाप तं नाही म्हन ना," बाबा म्हणाले. "बजारातून आनाव लागते का?"

"सायब म्हनते, नाही म्हनते तोच मोठा पापी."

"मंग माह्यातलं घे थोडंसं. माह्याजवळ लय हाये."

बाबा हसले. आई हसली नाही.

एकदा ती उभी राहिली आणि म्हणाली, मी पोरीवर चिडते. पाळकसाहेब हसले, प्रेमानंच हसले. म्हणाले, "बाई, हे तर प्रत्येक आई करते. आतलं सांगा. खोल उतरा." मालकीणबाई शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आल्या की वखारीत नारळाचा प्रसाद वाटत, आणि आई तो दोन्ही हातांनी घेऊन खाई. पाळकसाहेबांच्या हिशेबी ते केवढं मोठं पाप होतं. पण आईला प्रसाद खाण्यात पाप असतं हे कधी सुचलंच नाही. कुणी सुचवलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

महिने गेले. शनिवारी ती रस उकळायची, रविवारी तिच्या हातचा रस सगळे प्यायचे, आणि पेल्यांची थाळी सतरंजीवरून फिरत आली की आई ती सगुणामावशीकडून घेऊन पुढच्या बाईकडे द्यायची. तिचे डोळे खाली असायचे. मला तेव्हा लाज वाटायची, गल्लीत पोरं विचारायची की तुझ्या आईनं असं काय केलंय जे ती सांगत नाही. न केलेलं सांगता येत नाही, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं, पाळकसाहेबांच्या तर नाहीच. एवढे शिकलेले.

नाताळ जवळ आला होता. सकाळी सतरंजी गार लागत होती, सगळ्यांच्या अंगावर शाली, खिडकीतून उन्हाचा पट्टा बायकांच्या बाजूला पडला होता. गीत संपलं. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणी आहे का, ज्याला आज ओझं उतरवायचं आहे? आई उठली. पदर डोक्यावरून घेतला.

"मी वखारीतून संत्री नेली," ती म्हणाली. "चांगली संत्री. पदरात बांधून. मालकाले न इचारता."

 मग पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, खरंखुरं पाणी, आणि मागून दोनदा "हालेलूया" झालं. आईच्या शेजारी सगुणामावशी आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत बसली होती. पेल्यांची थाळी आली. आईनं पेला उचलला आणि प्याली. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. बाळंतपणातून सुटलेल्या बाईसारखा होता.

पण मला ठाऊक होतं. मी रोज त्या दारापाशी दगडावर बसणारी पोरगी. निघताना पत्र्याच्या आडोशाला उभं राहून पदराची गाठ कोण बांधायचं, आणि तो पदर पोटाशी कसा खोचायचं, ते मी पाहिलं होतं. ती आई नव्हती. ती सगुणामावशी होती.

घरी येताच मी म्हणाले, "आई, संत्री तं सगुणामावशीनं..."

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तो हात संत्र्याच्या वासाचा होता. "तू काही पाह्यलं नाही."

"पन तू काहून सांगितलं?"

ती चुलीपुढे बसली. बराच वेळ काटक्या मोडत राहिली. "मले दुसरं सुचलंच नाही, पोरी. लय शोधलं. माह्याजवळ काही निंगालंच नाही. मंग उभी राह्यली, तं जे डोळ्यानं पाह्यलं होतं तेच तोंडातून निंगून गेलं." मग म्हणाली, "सगुणाचं नाव नाही घेतलं ना मी? मंग झालं तं."

शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं आईनं पाप उसनं आणलं होतं, आणि तेही विचारल्याशिवाय. सगुणामावशी ती फळं कशासाठी नेत होती, ते मला आजतागायत माहीत नाही. आईला माहीत असावं. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला ते कारण ऐकायचं नव्हतं. कारण ऐकलं की माणसाला दया येते.

पाळकसाहेब बाजाराच्या दिवशी चौकात हार्मोनियम घेऊन उभे राहत. पोरंटोरं जमायची, टोपल्यावाल्या बायका थांबायच्या. त्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की या गावात संत्र्याच्या वखारीत काम करणारी एक बहीण चोरी करत होती, प्रभूनं तिचं हृदय बदललं. नाव नाही घेतलं. नाव घेतलं नाही, हे ते नंतर पुष्कळांना समजावून सांगत असत. गावात वखारी पुष्कळ होत्या, पण ख्रिस्ती बायका असलेली वखार एकच होती, हे समजायला कुणाला पोथी वाचावी लागणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दगडावर बसले होते तेव्हा मालक दारातच खुर्ची टाकून बसले होते. सौंसरकडचे मोठे बागाईतदार, आवाज मऊ. समोर आई आणि सगुणामावशी उभ्या. मागे बाकीच्या बायका टोपल्या धरून.

"सगुणाबाई, तुमी नेली का?"

"नाही जी," सगुणामावशी म्हणाली. "मी तं तंबाखूची साक्ष देल्ली होती. इचारा सायबाले."

मालकांनी आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल. "नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण दोघीच होत्या. आईनं नाही म्हटलं की उरणार कोण, हे तिथल्या सगळ्यात लहान माणसाला, म्हणजे मलाही कळत होतं. आईनं हातातली टोपली खाली ठेवली.

"शेवंताबाई, तुमी खोटं बोलत नाही, हे मले मालूम हाये," मालक म्हणाले.  "दुसऱ्या कोनी येऊन सांगतलं असतं तं मी त्याच्या थोबाडीत देली असती. पन तुमी सोता देवाच्या घरात बोलल्या. मंग ते खरंच असन." मग म्हणाले, "मांगितले असते तं मी पेटी पाठवली असती ना बाई घरी."

इतकी वर्षं ती खरं बोलली, म्हणून तिच्या एका खोट्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. दुसरी कुठली बाई असती तर लोकांनी शंका तरी घेतली असती. त्या संध्याकाळी आईची टोपली तिथंच राहिली. दारावरच्या माणसानं मान फिरवली.

वखारीचं काम सुटलं, मग कापूस वेचणं. अंधार असतानाच मजुरांचा ट्रक यायचा आणि बायकांना सौंसरकडे, बोरगावच्या शिवारात घेऊन जायचा. कापसाच्या पराटीवर दव असे. वाळलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी. आईच्या बोटांची पेरं फाटली, नखांच्या कडेला रक्त वाळलेलं असे. तिच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत. तिच्या हातांना आता मातीचा आणि हिरव्या पाल्याचा वास यायला लागला. संध्याकाळी ती माझी वेणी घालायला बसली की माझे केस तिच्या पेरांत अडकायचे आणि ती "थांब वो" म्हणून हळूच सोडवायची.

एका रविवारी उपासनेनंतर ती पाळकसाहेबांच्या घरी गेली. मला बरोबर नेलं. ओट्यावर ऊन होतं, साहेबांच्या बायकोनं चहा दिला.

"सायब, मी खोटं बोलली," आई म्हणाली. "मी संत्री नेली नोती."

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं. "बाई, लोकांनी छळलं म्हणून तुम्ही मागं फिरता आहात. हेच सैतानाचं काम असतं. पाप कबूल केल्यावर ते नाकारायचा मोह होतो. तुमची नोकरी गेली, मला माहीत आहे, मी रोज प्रार्थना करतो. पण ज्याच्यात पाप नाही असा माणूस जगात नाही."

"आता हाये ना, सायब," आई म्हणाली. "देवाच्या घरात खोटं बोलली. आधी नोतं सापडत, आता सापडलं. हे घ्या."

ती हात पुढे करून बसली होती, जसं काही ते तिच्या ओंजळीत होतं. पाळकसाहेबांनी त्या हातांवर आपले हात ठेवले, डोळे मिटले आणि तिच्या कठीण झालेल्या अंतःकरणासाठी प्रार्थना केली. मी डोळे उघडे ठेवले होते. आईचेही उघडे होते. ती त्यांच्या मिटलेल्या पापण्यांकडे फार नवलानं पाहत होती.

त्यानंतर तिनं प्याला घेतला नाही. अधिकार होता, साक्ष झालेली होती, थाळी समोर यायची, आणि ती पुढे सरकवायची. कुणी काही विचारलं नाही, कारण आता ती साक्ष दिलेल्यांत जमा होती. शनिवारी मनुका मात्र तीच उकळायची. ते पाळकसाहेब बदलून गेले, दुसरे आले, तिसरे आले, त्या सगळ्यांच्या वेळी पेल्यांत आईच्याच हातचा रस होता. मरेपर्यंत तिनं त्यातला थेंब तोंडात घेतला नाही. आणि सगुणामावशी महिन्याला पीत राहिली.

ती आमच्याकडे यायची, सगुणामावशी. दुपारी यायची, दारात बसायची. आई तिला चहा करून द्यायची. दोघी तांदूळ निवडायच्या, उन्हाळ्यात कुरड्या घालायच्या, एकमेकींच्या लेकींच्या लग्नात राबल्या. मी त्या चहाचा कप धुवायची नाही. आई एकदा म्हणाली, "तुले काय दिसते थे मले नाही दिसत का?" मी म्हटलं, "मंग?" ती म्हणाली, "मंग काही नाही."

मी बायबल वाचलं आहे. रागानं वाचलं आहे, पेन्सिल हातात धरून. माणूस पापी आहे हे मला मान्यच आहे, त्यासाठी मला कुणाच्या उपदेशाची गरज नाही, मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलंय. माझं भांडण वेगळं आहे. एकानं सगळ्यांचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला, या एका गोष्टीवर ज्यांचा सगळा धर्म उभा आहे, त्यांच्या समोर, त्यांच्याच सतरंजीवर उभं राहून एका बाईनं तेच केलं, आणि त्यांना फक्त चोर दिसली. चोर दिसल्याचा आनंद झाला. तो आनंद मी पाहिलाय. तेव्हापासून कुणी वेदीवरून "आम्ही सारे पापी" म्हणालं की माझ्या मनात येतं, तुम्ही असाल.

तर वर्धापनाच्या दिवशी मी आत गेले. सतरंज्या गेल्यात, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्यात, हार्मोनियमच्या जागी एक पोरगा कीबोर्ड वाजवत होता. तो सगुणामावशीचा नातू, असं शेजारच्या बाईनं सांगितलं. सगुणामावशी पुढच्या रांगेत होती. वाळून चिमूट झालेली, डोक्यावर पांढरी शाल. आणि वेदीवर खुर्चीत ते पाळकसाहेब. खास पाहुणे म्हणून आणलेले. केस गेलेले, आवाज तोच.

त्यांनी जुन्या दिवसांची आठवण काढली. म्हणाले, "या मंडळीत एक बहीण होती. संत्र्याच्या वखारीत होती. पेट्याच्या पेट्या चोरत असे." पदरातल्या फळांच्या एवढ्या वर्षांत पेट्या झाल्या होत्या. "तिनं याच जागी उभं राहून कबूल केलं. मी माझ्या सेवेत जिथे जिथे गेलो, तिथे तिची साक्ष सांगितली. किती गावांत किती लोक त्या साक्षीनं वाचले." लोकांनी माना डोलावल्या.

मी उठले. "ती माझी आई होती," मी म्हणाले. "तिनं एकही फळ चोरलं नाही. तुम्ही तिला प्याला देत नव्हता, म्हणून ती खोटं बोलली. नंतर तुमच्या ओट्यावर येऊन तिनं तुम्हांला हे सांगितलं होतं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत."

कीबोर्ड थांबला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असावं. ते रागावले नाहीत, ते कधीच रागावत नसत. फार मायेनं म्हणाले, "मुली, वखारीतून फळं जात होती हे तर खरं ना? मग ती कोण नेत होतं?"

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. लहानपणापासून, रात्री अंथरुणात, आगगाडीत, कचेरीत, आईच्या मातीला उभी असताना, मी या प्रश्नाचं उत्तर मनात किती वेळा दिलं होतं. या वेळी विचारणाराही तोच होता आणि फळं नेणारी पुढच्या रांगेत बसलेली होती. सगुणामावशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती तिच्या डोळ्यांत. असती तर मी नाव घेतलं असतं. ती नुसती थांबली होती, पुष्कळ दिवसांपासून थांबलेल्या माणसासारखी. तिच्या मागे, कीबोर्डपाशी, तो नातू तारुण्यातलं कोवळं तोंड घेऊन आजीच्या पांढऱ्या शालीकडे पाहत होता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी मंडळीकडे पाहून हात पसरले, म्हणजे बघा, असं. कुणीतरी हळूच "आमेन" म्हटलं. माझी आई तिच्या देवाच्या घरात दुसऱ्यांदा चोर ठरली, आणि या वेळी तिला चोर ठरवणारी मी होते. ज्या गिरजात आई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, तिथं मीही बोलले.

बाहेर येऊन मी भिंतीला टेकून उभी राहिले.  लोक म्हणतील, आईवर गेली. मी आईवर गेलेली नाही. तिनं ते केलं तेव्हा ती शांत होती, आणि नंतर त्या बाईला चहा करून देत होती. मला त्या दोघांना काहीही द्यायचं नाही, पाळकसाहेबांनाही नाही आणि सगुणामावशीलाही नाही. नाव घ्यायला मी परत आत जाणार होते. दोनदा पायरीपर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा मागे फिरले.